पोरांची भिशी

हिवाळा सरताना अमशीर महिना लागला आणि वाऱ्याला वेड लागलं. सकाळी उत्तरेकडून, दुपारी वाळवंटाकडून, संध्याकाळी तर कुठून येतोय तेच कळायचं नाही. कालव्याकाठची बरसीम, गुरांचा हिरवा चारा, आडवी झाली होती. बदावीच्या मधपेट्यांवर विटा ठेवलेल्या असूनही दोन झाकणं उडून चिखलात पडली होती.

बदावी पेट्यांच्या रांगेतून चालला होता आणि त्याची मुलगी रावया त्याच्या मागून. प्रत्येक पेटीच्या पाठीमागे जाऊन तो गुडघे वाकवायचा, तळाखाली बोटं घालून पेटी वीतभर उचलायचा आणि हलकेच खाली ठेवायचा.

"जड आहे का, आबा?"

"तूच उचलून बघ की."

रावया अकरा वर्षांची, अंगाने काडी. तिने बोटं घातली आणि पेटी एकदम वर आली, ती मागे पडता पडता राहिली.

"रिकामी आहे ही!"

"रिकामी नाही. माश्या आहेत आत. मध नाही."

त्याने झाकण काढलं. माश्यांना शांत करायचं धुराडं पेटवलंच नव्हतं, गरज नव्हती. मधल्या चौकटीवर मूठभर माश्या एकमेकींना चिकटून थरथरत होत्या. बाजूच्या चौकटीवर शेकडो मेलेल्या होत्या, पण खाली पडलेल्या नव्हत्या. डोकी पोळ्याच्या घरांत खुपसलेली, शेपट्या बाहेर.

"अशा उलट्या का मेल्या?"

"तळाशी काही राहिलंय का ते शोधत होत्या."

रावया वाकून बघत राहिली. बदावीने झाकण लावलं. मागच्या कपाशीच्या हंगामात औषध फवारलं गेलं, तेव्हा जवळजवळ निम्म्या पेट्या गेल्या होत्या. उरल्या अठ्ठावीस. संत्र्याचा बहर यायला अजून महिना होता.

"आता काय करायचं?"

"साखर. पाक करून पाजायचा."

"किती लागेल?"

"एक पोतं."

"पोत्याला किती पडतात?"

"तुला काय करायचंय? वीट दे इकडे."

हा तिचा स्वभावच होता. किती, कशाला, कधी, आणि मग पुढे काय. शाळेतले मास्तर तिला बघून खडू खाली ठेवायचे.

*

हाज शहातच्या दुकानात साखरेची पोती तराजूमागे रचलेली होती. बदावी गेला तेव्हा दुकानात दोन बायका आणि मशिदीचा झाडूवाला होता. बदावी त्या जायची वाट बघत उभा राहिला. त्या जाईनात. त्या साबणाचा भाव करत होत्या.

"बोल बदावी," हाज शहात म्हणाला.

"एक पोतं पाहिजे होतं. सातशे आत्ता देतो, आठशे बहर उतरल्यावर."

"साखरेचं उधार बंद केलंय बाबा. वाचता येत नाही का?" त्याने भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे बोट केलं. "चहा ने उधारीवर. तेल ने. साखर रोख."

"मी काय आजचा आहे का, हाज?"

"तू आजचा नाहीस, पण साखर आजच्या भावाची आहे." मग बायकांकडे बघून तो हसला. "आता माणसांना साखर पुरेना आणि ह्याला माश्यांना चारायचीय."

बायका हसल्या. त्यात वाईट हेतू नव्हता. बदावीही जरासा हसला आणि बाहेर आला. कालव्याच्या पुलावर थांबून त्याने चपलेला लागलेला चिखल कठड्याला घासून घासून काढला. चप्पल स्वच्छ झाली तरी तो घासतच होता.

*

घरी इंसाफने बाकल्याच्या दाण्यांचं कालवण आणि भाकरी पुढे ठेवली. इंसाफ त्याची बायको. कामाला वाघीण, बोलायला मुकी, असं तिच्या सासरचे म्हणायचे. बदावीने दोन घास खाल्ले आणि रावयाकडे न बघता म्हणाला, "त्या तुमच्या डब्यात किती आहेत?"

डबा म्हणजे हलव्याचा मोठा गोल डबा. त्यात पोरांची भिशी होती.

ही भिशी काढून दिली ती तफीदाआत्याने. बदावीची थोरली बहीण, नवरा वारल्यापासून गल्लीतल्या बायकांची भिशी तीच चालवायची. मुलींची लग्नं, घरांवरचे पत्रे, एका पोराचा परदेशाचा पासपोर्ट, सगळं तिच्या भिशीतून झालेलं. रावया तिच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि प्रश्न विचारून तिचं डोकं खायची. शेवटी आत्या म्हणाली, "मला विचारू नकोस, करून बघ. आठ पोरं गोळा कर. महिन्याला शंभर शंभर. आपल्या कमाईचे. आईबापाच्या खिशातले मला चालायचे नाहीत."

तेव्हा आमेर शुक्रवारी बापाची गाढवगाडी हाकायला लागला. नऊ वर्षांची निस्मा भाजीच्या जुड्या बांधून विकू लागली. झगलूल प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करत उकिरडे धुंडाळू लागला. रावयाने पाच कोंबड्या पाळल्या. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आठशे पौंड जमायचे आणि एकाचा नंबर लागायचा. नंबर चिठ्ठ्या टाकून ठरलेले, फक्त रावयाचा सोडून. ज्याच्या घरी डबा, त्याचा नंबर शेवटी, असा आत्याचा नियम.

"सात जणांचे आलेत," रावया म्हणाली. "आमेरचे परवा येतील. मग आठशे."

"ते मला लागतील."

रावयाने घास खाली ठेवला. "ते माझे नाहीत, आबा. ह्या वेळी आमेरचा नंबर आहे."

"बहर उतरला की परत देईन."

"पण आमेरचे आहेत ते."

"डबा कोणाच्या घरात आहे?" बदावीचा आवाज चढला. "छप्पर कोणाचं आहे? मी काय चोर आहे, माझ्याच घरात हात पसरायला लावतेस?"

रावया उठून कोनाड्यातल्या डब्यासमोर जाऊन उभी राहिली, पाठ डब्याला लावून. तोंड रडवेलं, पण तिथून हलेना. बदावी बघत राहिला. दोन ढांगांत तिला बाजूला करता आलं असतं. इंसाफ भांडी घासायची थांबली, तिचा हात राखेत तसाच राहिला.

बदावीने अंगावर घोंगडी ओढली आणि बाहेर गेला.

*

दुसऱ्या दिवशी तो तफीदाच्या दारात होता. ती गव्हातले खडे वेचत होती.

"पोरीला काय शिकवून ठेवलंयस?"

"तिने दिले असते तर मी तिच्या कानाखाली काढली असती," तफीदा म्हणाली. "बस. चहा घेतोस?"

"माझ्या माश्या मरतायत, ताई."

"माहीत आहे. नंबर बदलून घेता येतो भिशीत. बायका घेतात की. पण ज्याचा नंबर आहे त्याने हो म्हणायला पाहिजे, आणि गरज ज्याला आहे त्याने स्वतः येऊन सांगायला पाहिजे."

"कोणाला सांगायला?"

"भिशीवाल्यांना."

"पोरांना?" बदावी हसायला लागला. तफीदा हसली नाही. त्याचं हसणं अर्ध्यात राहिलं.

"माझ्यापुढे येऊन बायका सांगतात, बदावी. नवरा मारतो म्हणून सांगतात, पोटात गाठ आहे म्हणून सांगतात. तुला नुसती साखर सांगायचीय."

*

शुक्रवारी नमाज झाल्यावर पोरं तफीदाच्या गच्चीवर जमली. मक्याच्या कणसांचा ढीग एका कडेला, दुसऱ्या कडेला गवऱ्या. मधे चटई. आठ पोरं गोल बसली. बदावी जिना चढून आला तेव्हा त्याने धुतलेला झगा घातला होता. तो कशाला घातला असं त्याला जिन्यातच वाटायला लागलं होतं. बसायला उंच काही नव्हतं. तो चटईवर पोरांमधे बसला. त्याचे गुडघे सगळ्यांच्या वर येत होते.

"ह्यांना काहीतरी विचारायचंय तुम्हाला," तफीदा म्हणाली आणि कणसं सोलायला लागली.

बदावीने घसा साफ केला. "तर... माश्यांना साखर पाहिजे. मला आठशे कमी पडतायत. ह्या महिन्याची भिशी मला मिळाली तर बरं होईल."

झगलूलने विचारलं, "काका, माश्यांनी साखर खाऊन केलेला मध खोटा असतो ना?"

"खोटा असतो. पण तो मी विकत नाही. हे त्यांचं पोट भरायला. बहर यायच्या आधी ते सगळं संपलेलं असतं. बहराचा मध वेगळा."

"संपलं नाही तर?"

"तर मी काढत नाही तो. त्यांनाच ठेवतो."

"आणि बहरात किती मध निघतो?" निस्माने विचारलं. तिची हनुवटी गुडघ्यांवर टेकलेली होती.

"चांगला बहर आला तर पेटीला चार किलो. नाही तर दोन. वारा लागला तर काहीच नाही."

"काहीच नाही तर आमचे कसे देणार?"

दुकानात हाज शहातने असं विचारलं असतं तर त्याने अल्लाची शपथ घेतली असती. इथे निस्मा डोळे न मिटता बघत होती.

"तर दोन पेट्या विकीन," तो शेवटी म्हणाला. "माश्यांसकट."

"मागच्या वर्षीच्या मधाचे पैसे कुठे गेले?" हे आमेर. बारा वर्षांचा, गाढव हाकून हाकून आवाज घोगरा झालेला. ज्याच्या नंबराची ही सगळी गोष्ट चालली होती तो हाच.

"आमेर!" रावया म्हणाली.

"असू दे," बदावी म्हणाला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या त्याच्या. "कपाशीचा मध तंता शहरातल्या दसूकी शेठने नेला. त्याने पैसे दिले नाहीत अजून."

"किती?"

"चार हजारांच्या वर आहेत."

पोरांमधे कुजबूज झाली. चार हजार ही मोठी गोष्ट होती. आमेर पुढे सरकला. "म्हणजे तुमचे चार हजार त्याच्याकडे आहेत आणि तुम्ही आमच्याकडे आठशे मागताय? त्याच्याकडे का नाही मागत?"

"मागितले तर तो पुढच्या वर्षी माल उचलणार नाही."

"पुढच्या वर्षीच्या मालाचे तरी देणार आहे का तो?"

कणसं सोलायचा आवाज थांबला. बदावी चटईच्या कडेचा एक धागा ओढत होता. धागा निघत गेला, निघत गेला. आपण हा प्रश्न कधी स्वतःला विचारला नाही, एवढंच त्याच्या ध्यानात आलं.

मग पोरांनी आपसांत सुरू केलं. आमेरला गाडीच्या चाकाची लोखंडी धाव बदलायची होती, त्याला शेवटचा नंबर नको होता. रावयाशी अदलाबदल केली तर त्याला पाच महिने थांबावं लागलं असतं.

"पाच महिन्यांत गाडी मोडेल."

"मग काय करायचं?"

"सगळे एकेक पाऊल मागे सरकू या," निस्मा म्हणाली. तिने आठ गवऱ्यांचे तुकडे ओळीत मांडले. पहिल्या दोघांचे घेऊन झाले होते म्हणून ते तसेच ठेवले, शेवटचा उचलून तिसऱ्या जागी ठेवला आणि मधले एकेक बोट मागे ढकलले. "बघा. रावया आत्ता घेईल. बाकी सगळ्यांना एकच महिना उशीर. कोणालाच पाच नाही."

पोरं त्या तुकड्यांकडे बघत बसली. तफीदासुद्धा उठून बघायला आली. वीस वर्षं भिशी चालवत होती, तिला हे सुचलं नव्हतं.

"माझी अट आहे," झगलूल म्हणाला. "मला एक बरणी मध पाहिजे."

"नाही," तफीदा म्हणाली. "उसने देऊन वर काही घेतलं तर ते व्याज. व्याज हराम."

"मधाचं पण?"

"मधाचं पण. ठरवून घेतलं की व्याज."

"आणि न ठरवता कोणी दिलं तर?"

"तर ती भेट."

झगलूलने विचार केला आणि बदावीकडे बघून म्हणाला, "काका, मी काही ठरवत नाही हां."

गच्चीवर हशा उसळला. बदावीही हसला, ह्या वेळी मनापासून.

तफीदाने आठशे पौंड मोजून रावयाच्या हातात दिले. "आता हे तुझे. तुझा नंबर लागला. पण पुढचे पाच महिने तुझे शंभर चुकता कामा नयेत. घेऊन झालं म्हणून देणं थांबवणाऱ्यांची नावं मला पाठ आहेत."

रावया बापाकडे वळली. नोटा तिने दोन्ही हातांत धरल्या होत्या.

"कधी देणार, आबा?"

सगळ्या पोरांसमोर. बदावीने तिच्याकडे पाहिलं. "वसंतातल्या खारट माशाच्या सणापर्यंत."

"बरं," ती म्हणाली आणि पैसे दिले.

*

पाकाच्या वाफेने घर आठवडाभर चिकट झालं. इंसाफ तांब्याच्या पातेल्यात साखर ढवळायची, रावया बादल्या वाहायची, बदावी पेट्यांत पाक ओतायचा. आठ दिवसांनी माश्या दारांतून आत-बाहेर करू लागल्या, पायांना बरसीमेचे पिवळे गोळे लावून. तीन पेट्या गेल्या. पंचवीस जगल्या.

बहर आला तो एकदम. पश्चिमेच्या बागांतून गोड वास गावात शिरला. आमेरच्या बापाच्या गाडीवर पेट्या रचून, दोर आवळून, त्या बागेत नेल्या. सुरुवातीला रोज वजन चढत होतं. मग वाळवंटाकडून पिवळा वारा सुटला. आकाश मातीच्या भांड्यासारखं झालं आणि फुलं करपून झाडाखाली पडली. पेटीमागे दोन किलोच्या वर मध निघाला नाही.

त्याच वाऱ्यात रावयाच्या कोंबड्यांना रोग लागला. तीन एका दिवसात मेल्या, उरलेल्या अंडी देईनात. एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी ती चटईवर बसली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझे साठच आहेत."

कोणी हसलं नाही. झगलूल म्हणाला, "राहू दे की, पुढच्या वेळी दे."

"नाही," तफीदा म्हणाली. "डबेवालीला सूट मिळाली की उद्या सगळ्यांना पाहिजे. सोमवारपर्यंत आण."

शनिवारी पहाटे रावया लसणाच्या खळ्यावर गेली. लसूण निघाला होता, गावातल्या बायका ओळीने बसून कात्रीने देठ छाटत होत्या. टोपलीमागे पैसे. दुपारपर्यंत तिच्या बोटांची आग व्हायला लागली. डोळ्यांत पाणी आलं की हाताने पुसायचं नाही, खांद्याने पुसायचं, हे शेजारच्या बाईने शिकवलं. दुसऱ्या दिवशी अंगठ्याचं कातडं सोललं. सोमवारी तिने चाळीस पौंड आत्याला नेऊन दिले आणि वर पाच उरले ते झग्याच्या गाठीत बांधले.

रात्रीच्या जेवणाला तिला भाकरी मोडता येईना. लोणच्याचं पाणी बोटांना लागलं आणि ती "स्स" करून हात झटकायला लागली.

"काय झालं?" बदावीने विचारलं.

"काही नाही."

त्याने तिचा हात ओढून दिव्याखाली धरला. कातडं पांढरं पडलेलं, कडा लाल. लसणाचा वास.

"कशाला गेलीस खळ्यावर?"

"शंभर भरायचे होते."

"मला सांगायचं की."

"तुमच्याकडे होते का?"

बदावीने हात सोडला. इंसाफने तेलाची वाटी आणून लेकीच्या बोटांना तेल लावलं, एकेका बोटाला, सावकाश.

*

चार दिवसांनी दसूकी शेठची गाडी दारात आली. शेठ स्वतः आला होता, कारण संत्र्याचा मध सगळीकडेच कमी निघाला होता. त्याने डब्यात बोट बुडवून चाटलं आणि माणसाला म्हणाला, "चढवा."

"थांबा," बदावी म्हणाला. "कपाशीचे पैसे, शेठ."

"मिळतील रे. मोठ्या ईदला एकदम हिशोब करू."

"आधी ते. मग हा उचला."

दसूकीने त्याच्याकडे नव्याने बघितल्यासारखं बघितलं. "काय रे बदावी, हे कोणी शिकवलं तुला?"

"पोरांनी."

"मग पोरांनाच वीक मध!" शेठ गाडीत बसला. गाडी धूळ उडवत गेली.

डबे ओसरीवर तसेच राहिले. बदावी दिवसभर त्यांच्याकडे पाठ करून चौकटी तासत बसला. तासता तासता दोन चौकटी वाकड्या कापल्या गेल्या. खारट माशाचा सण आला. लोक कांदे, मासे घेऊन कालव्याकाठी जाऊन बसले. बदावी पोरीला टाळत गावभर हिंडला, आणि शेवटी तीच त्याला पुलावर भेटली.

"आज द्यायचे होते ना, आबा?"

"आज नाही देता येत. मध विकला गेला नाही."

रावया कठड्याला टेकली. "मग कधी म्हणू?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही पोरी."

"बरं," ती म्हणाली. जराशाने म्हणाली, "तंताच्या बाजारात आपणच विकला तर किलोला किती येतील?"

त्यालाही ते माहीत नव्हतं. बाप आणि मुलगी दोघं मंगळवारी आमेरच्या गाडीवरून बाजारात गेली. बदावीला ओरडता येईना. चाळीस वर्षांचा माणूस, तोंडातून आवाज फुटेना. रावया ओरडली. संध्याकाळपर्यंत अकरा किलो गेला, शेठच्या भावापेक्षा बऱ्याच चढ्या भावाने. दुसऱ्या मंगळवारी बाजारात दसूकी शेठची गाडी त्यांच्यासमोर येऊन थांबली. शेठने गिऱ्हाइकांची रांग बघितली, खाली उतरला नाही, खिडकीतूनच एक पुडकं पुढे केलं. "घे तुझे कपाशीचे. पाचशे कापलेत, पाणी होतं त्यात. उरलेला माल घरी ठेव, उद्या रोखीने उचलतो."

पाणी नव्हतं. पण बदावीने पुडकं घेतलं.

*

त्या संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले, चटईवर बसला आणि पैसे मधे ठेवले. आधी आठशे बाजूला काढून रावयाच्या पुढे सरकवले.

"उशीर झाला," तो म्हणाला.

"झगलूलला बरणी?"

"त्याच्या घरी देऊन आलो. न ठरवता."

रावया हसली. पैसे घेऊन ती आत जायला निघाली तेव्हा बदावी म्हणाला, "बस. कुठे चाललीस? हे सगळं बघून जा." आणि त्याने जे आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. एकेक गोष्ट मोठ्याने सांगायला लागला. शेठकडून एवढे आले. बाजारात एवढे. बागवाल्याचं भाडं एवढं, गाडीचं एवढं, बरसीमेच्या मोसमाला चौकटी लागतील त्याचे एवढे. सुताराचे द्यायचे आहेत. उरतात ते हे. तो बोलत होता आणि रावया मधे मधे विचारत होती, सुताराला आधी का, बागवाल्याला नंतर का. तो सांगत होता, अडखळत होता, पुन्हा सांगत होता.

इंसाफ चुलीपाशी बसून ऐकत होती. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. ह्या घरात पैसा किती येतो हे ती आज पहिल्यांदा ऐकत होती. चहाला उकळी आली. तिने भांडं उतरवलं नाही.

"उरतात ते हे?" ती म्हणाली.

बदावीने मान वर केली. "हो. का?"

"एवढ्यात वर्ष निघतं का?"

"निघतंय की. निघत आलंय."

"कसं निघत आलंय?"

चुलीवर चहा उतू जाऊन निखाऱ्यांवर फस्स झाला. रावया आईकडे बघत होती, मग बापाकडे, मग पुन्हा आईकडे. तिच्या तोंडावर प्रश्न येऊन बसला होता, पण तिने तो विचारला नाही. हा तिचा नव्हता.

"कसं गं?" बदावी म्हणाला. आवाज अगदी हळू.

इंसाफने पदराने भांडं उतरवलं, तीन पेले भरले. ती चुलीजवळून उठली आणि पहिल्यांदाच चटईवर त्यांच्यामधे येऊन बसली.

"विचारलंस शेवटी," ती म्हणाली. "घे, चहा घे. कुठून कुठून भर घातली ते सांगायला बराच वेळ लागेल."